घरी केलेल्या सुरीच्या पात्याला चिवटपणा कुठे येतो : भट्टीत, तेलात की टेम्परिंगमध्ये?

ऐरण (धागालेखक)

घरी सुऱ्या करणाऱ्या मंडळींकडून वारंवार येणारा प्रश्न असा असतो : "धारेचे तुकडे उडतात, तर टेम्परिंग किती अंशांवर करू?" टेम्परिंग म्हणजे झपाट्याने थंड करून कठीण केलेले पाते पुन्हा कमी तापमानावर तापवणे. या प्रश्नात एक गृहीतक आहे, की पाते ठिसूळ निघाले तर टेम्परिंगचे तापमान वाढवावे आणि ते चिवट होईल. माझे ठाम मत असे आहे की पात्याचा चिवटपणा बहुतांशी पाणी देण्याच्या (तापलेले पाते तेलात किंवा पाण्यात विझवण्याच्या) आधीच, म्हणजे पाते भट्टीत असतानाच ठरतो. टेम्परिंग आवश्यकच आहे, त्यावाचून कोणतेही पाते वापरू नये. पण भट्टीत जे बिघडले ते ओव्हनमध्ये दुरुस्त होत नाही, आणि तसा प्रयत्न केल्यास हातात येते ते नरम झालेले आणि तरीही ठिसूळ राहिलेले पाते.

कठीणपणा म्हणजे दाब आणि ओरखडा सोसण्याची ताकद. ती रॉकवेल यंत्रावर मोजतात आणि एचआरसी या एककात सांगतात. चिवटपणा म्हणजे तुटण्यापूर्वी पोलाद किती ऊर्जा पचवते. साधारणपणे एक वाढले की दुसरे घटते हे खरे असले, तरी एकाच कठीणपणाची, एकाच पोलादाची दोन पाती चिवटपणात एकमेकांपासून खूप दूर असू शकतात, आणि हा फरक मुख्यतः दाण्याच्या, म्हणजे पोलादातल्या सूक्ष्म स्फटिकांच्या, आकारातून आणि भट्टीत किती कार्बन विरघळला यातून येतो. पाते किती वाकते याचा मात्र या दोन्हींशी संबंध नाही, कारण पोलादाचा ताठपणा उष्णोपचाराने जवळजवळ बदलतच नाही. ते काम जाडीचे आहे.

भट्टीत काय घडते ते पाहू. साधे कार्बन पोलाद ७२७ अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्याची अंतर्गत रचना बदलून ऑस्टेनाइट होऊ लागते आणि कार्बाइडमध्ये, म्हणजे कार्बन आणि धातू यांच्या कठीण संयुगात, बांधलेला कार्बन त्यात विरघळतो. ही रचना तेलात झपाट्याने थंड केली की कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो लोखंडाच्या अणूंच्या जाळीत अडकतो, आणि मार्टेन्साइट ही कठीण रचना तयार होते. १०८४ या पोलादात ०.८ ते ०.९३ टक्के कार्बन असतो आणि त्याला ८१५ अंशांच्या आसपासचे तापमान काही मिनिटे पुरते. आता याच पात्याला ९०० किंवा ९५० अंशांपर्यंत नेले तर कठीणपणात फारसा फरक दिसणार नाही, पात्यावर कानस तशीच न लागता घसरेल, आणि करणाऱ्याला वाटेल की काम उत्तम झाले. प्रत्यक्षात या वाढीव उष्णतेत ऑस्टेनाइटचे दाणे फुगलेले असतात, आणि भेग जेव्हा धावते तेव्हा ती मोठ्या दाण्यांच्या कडांवरून विनासायास धावते. साध्या कार्बन पोलादात दाणा रोखून धरणारे व्हॅनेडियमसारखे घटक नसतात, त्यामुळे इथे सावधगिरीला पर्याय नाही.

ज्यांच्याकडे तापमान दाखवणारी विजेची भट्टी नाही त्यांनी चुंबक वापरावे, हा सल्ला सर्वांना ठाऊक आहे. लोखंड ७७० अंशांच्या आसपास चुंबकत्व सोडते. त्यानंतर रंग किंचित उजळेपर्यंत थांबावे, त्याहून पुढे जाऊ नये. पण चुंबकापेक्षाही भरवशाची एक खूण आहे आणि ती पाहायला अंधार लागतो. संध्याकाळी दिवे बंद करून पाते भट्टीत हळूहळू तापवा. ते लाल होत जाते, आणि एका क्षणी त्या लालीवर ढगाच्या सावलीसारखे गडद पट्टे सरकू लागतात. पोलादाची रचना बदलत असताना उष्णता आत शोषली जाते, म्हणून तेवढा भाग भोवतालच्या मानाने काळसर दिसतो. सावली टोकाकडून पाठीकडे, म्हणजे पातळ भागाकडून जाड भागाकडे जाते. ती पूर्ण निघून गेली आणि पाते एकसारखे उजळले की रूपांतर झाले असे समजावे. दुपारच्या उन्हात अंगणात भट्टी लावणाऱ्याला ही सावली कधीच दिसत नाही, आणि उन्हात लाल रंग फिका दिसत असल्यामुळे तो नेमके उलट करतो : पाते गरजेपेक्षा जास्त तापवतो.

ज्यांनी पाते घडवले, म्हणजे ऐरणीवर ठोकून आकार दिला, त्यांनी विझवण्याआधी नॉर्मलायझिंग केलेच पाहिजे. घडवताना पोलाद हजार अंशांच्या पुढे जाते आणि दाणा मोठा होतोच. पाते ८७० अंशांच्या आसपास तापवून हवेत काळे पडेपर्यंत थंड करावे, मग ८१५ वर, मग ७६० च्या आसपास, अशा उतरत्या क्रमाने. प्रत्येक फेरीत नवे दाणे जन्म घेतात आणि उतरते तापमान त्यांना वाढू देत नाही. पट्टी कापून, घासून पाते करणाऱ्यांना, पोलाद चांगल्या ठिकाणाहून आले असेल तर, बहुधा याची गरज नसते.

आपापले अनुभव आणि मतभेद दोन्ही लिहावेत.

नवी_सुरी

ऐरण, सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. मी दादरला इमारतीत राहते, त्यामुळे घरात भट्टी लावण्याचा प्रश्नच नाही. चोर बाजारातून आणलेल्या जुन्या कानशीची सुरी केली आहे. वसईला एका परिचितांच्या शेडमध्ये गॅसच्या भट्टीत लाल करून ती तेलात विझवली आणि घरच्या ओटीजीमध्ये काटा २०० वर ठेवून तासभर टेम्पर केली. कांदा, टोमॅटो, पालेभाजी यांवर ती अप्रतिम चालते. लाल भोपळ्याचे देठ कापताना मात्र धारेतून नखाच्या कोरीएवढे तुकडे उडाले. आपल्या म्हणण्याप्रमाणे हे पाते आता वाया गेले, असे समजावे का?

ऐरण

नवी_सुरी ताई, पाते वाया गेले असे समजण्याची घाई करू नये. आधी दोष कुठे आहे ते शोधू.

पहिली शक्यता सर्वांत साधी आहे. बेल्ट ग्राइंडरवर धार काढताना अगदी कडेचा पातळ भाग क्षणात तापतो. तिथला थर भाजून निघालेला असू शकतो. धारेचा साधारण एक मिलिमीटर भाग पाण्यात बुडवत बुडवत, हाताने दगडावर घासून काढा, कोन थोडा मोठा ठेवा आणि पुन्हा वापरून पाहा. दोन्ही बाजूंना १२ अंशांचा कोन असलेली धार भाजीला सुंदर चालते. पण टणक देठावर सुरी तिरकी वळली तर चांगले पोलादही तिथे हार मानते. प्रत्येक बाजूला १७ ते २० अंश असू द्यावेत.

दुसरी शक्यता कानशीचे दात. ते पूर्ण घासून काढले होते का? दातांच्या खाचा पात्यावर उरल्या असतील तर प्रत्येक खाच ही भेगेची सुरुवात ठरू शकते. हीच गोष्ट खोल ओरखड्यांची, आणि पाते जिथे मुठीच्या बाजूला जाड होते तिथल्या काटकोनी कोपऱ्याची. विझवण्याआधी पाते २२० नंबरच्या कागदापर्यंत घासलेले असावे, ओरखडे पात्याच्या लांबीच्या दिशेने असावेत, आणि कोपरे गोलसर असावेत.

तिसरी शक्यता म्हणजे जास्त तापवलेले पोलाद. कानशींमध्ये बहुधा एक टक्का किंवा त्याहून जास्त कार्बन असतो. असे पोलाद नीट, म्हणजे ८०० अंशांच्या आसपास तापवले तर सगळा कार्बन विरघळत नाही. काही कार्बाइड बारीक कणांच्या रूपात शिल्लक राहतात आणि ते झीज रोखतात. पण ते जास्त तापले की जास्त कार्बन विरघळतो. विरघळलेला कार्बन ०.६ टक्क्यांच्या बराच पुढे गेला की मार्टेन्साइट बारीक पट्ट्यांऐवजी मोठ्या तबकड्यांच्या स्वरूपात तयार होतो, आणि या तबकड्या एकमेकींवर आदळताना सूक्ष्म भेगा पाडतात. या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत आणि टेम्परिंगने मिटत नाहीत.

हे तपासण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे : तुकडा मोडून पाहणे. त्याच कानशीचा उरलेला भाग असेल तर त्यातून बोटाएवढी पट्टी घ्या. ती त्याच भट्टीत, त्याच रंगापर्यंत तापवून त्याच तेलात विझवा, पण टेम्पर करू नका. थंड झाल्यावर व्हाइसमध्ये अर्धी पकडा, वर जाड कापड गुंडाळा, डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला ढाल लावा, आणि हातोडीने एक फटका द्या. चांगले पाणी दिलेली पट्टी स्वच्छ मोडते. आता मोडलेली कड दिवसाच्या उजेडात तिरकी धरून भिंगाखाली पाहा. ती मंद, राखाडी आणि एकसारखी दिसत असेल, तुकडा फिरवला तरी एकही ठिपका चमकत नसेल, तर दाणा बारीक आहे. वेगवेगळ्या कोनांत वेगवेगळे ठिपके चमकत असतील, बोटाला खरखर लागत असेल, तर दाणा मोठा आहे. कड आणि मधला भाग यांत फरक दिसला तर तापणे एकसारखे झाले नव्हते. आणि पट्टी न मोडता वाकली, तर तिने पाणीच घेतलेले नाही.

दाणा मोठा निघाला तरी पाते वाचते. नॉर्मलायझिंगच्या तीन फेऱ्या द्याव्यात आणि पुन्हा, या वेळी सावली पाहून, विझवावे. पाते आधीच पातळ झालेले असल्यामुळे ते वाकण्याचा आणि पृष्ठभागावरचा कार्बन जळण्याचा धोका वाढतो, एवढेच.

वेसावकर

मी कोळीवाड्यातला आहे. आमच्याकडे मासे कापायचे कोयते गावातल्या लोहाराकडून करून घेण्याची पद्धत होती आणि ते काम मी लहानपणापासून जवळून पाहिले आहे, म्हणून थोडे वेगळे मत मांडतो.

लोहार पाते लाल करून फक्त धारेकडचा भाग पाण्यात धरायचा. पाठ लालच असायची. मग तो धार दगडावर घासून चकचकीत करायचा आणि थांबायचा. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे उतरायची आणि चकचकीत पट्ट्यावर रंग चढत जायचे : आधी फिकट पिवळा, मग गडद पिवळा, तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. सुरीसाठी पिवळ्यावर, आणि कोयत्यासाठी निळ्यावर तो पाते पूर्ण पाण्यात बुडवून ते थांबवायचा. ओव्हन नाही, काटा नाही, दोन तासांच्या फेऱ्या नाहीत. त्या कोयत्यांनी सुरमईचे आणि घोळीचे डोके कापले आहे आणि धारेचा तुकडा उडालेला मी पाहिलेला नाही. तेव्हा टेम्परिंग जास्त केल्याने चिवटपणा येत नाही, हे विधान मला सरसकट मान्य करता येत नाही.

धातुवेडी

वेसावकर दादा, आपण वर्णन केलेली पद्धत शास्त्राच्या दृष्टीने अतिशय सुबक आहे, आणि तिचे मोठेपण मान्य करूनच मी पुढचे लिहीत आहे. फक्त धार विझवल्यामुळे पाठ नरम आणि चिवट राहते. भेग धारेत सुरू झाली तरी पाठीत ती अडते. शिवाय पाठीतल्या उष्णतेने लगेचच टेम्परिंग होत असल्यामुळे विझवलेले पाते ताणाखाली पडून राहत नाही.

निळ्या रंगाचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यायला हवा. मार्टेन्साइट टेम्पर करताना २६० ते ३७० अंशांच्या दरम्यान एक वाईट पट्टा येतो. विझवल्यानंतर पोलादात थोडे ऑस्टेनाइट न बदलता शिल्लक राहते, मार्टेन्साइटच्या पट्ट्यांमध्ये पातळ थरांच्या रूपात. या तापमानाला त्याचे विघटन होते आणि त्याच जागी सिमेंटाइटचे, म्हणजे लोह-कार्बाइडचे, ठिसूळ पापुद्रे तयार होतात. परिणाम असा की कठीणपणा उतरत जातो आणि चिवटपणा वाढण्याऐवजी घटतो. कठीणपणा मोजून हा दोष कळत नाही, कारण आकडा अपेक्षेप्रमाणेच खाली आलेला असतो; तो आघाताच्या चाचणीत, म्हणजे खाच पाडलेला नमुना लंबकाने तोडण्याच्या चार्पी चाचणीत दिसतो. निळा रंग साधारण २९० ते ३१० अंशांवर येतो, म्हणजे नेमका या पट्ट्याच्या मध्यावर. म्हणून साध्या कार्बन पोलादाची सुरी निळी करू नये हा नियम आहे.

मग कोयते टिकले कसे? याची मला दोन कारणे दिसतात. एक, रंग तापमानासोबत वेळेवरही अवलंबून असतो. ओव्हनमध्ये दोन तास २३० अंशांवर ठेवलेल्या पात्याचा रंग आणि ऐरणीशेजारी काही सेकंदांत चढलेला तोच रंग यांचा अर्थ सारखा नसतो. काही सेकंद निळ्यावर राहिलेले पाते आतून त्या मानाने कमी टेम्पर झालेले असते. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते, आणि त्यासाठी एक प्रश्न विचारते : ते कोयते कोणत्या लोखंडाचे होते?

वेसावकर

गाडीच्या कमानीच्या पाट्याचे. लोहार कुर्ल्याहून भंगारातून पाटे आणायचा. दुसरे कोणतेही लोखंड तो कोयत्याला घ्यायचा नाही.

धातुवेडी

मग उत्तर मिळाले. कमानीच्या पाट्यांसाठी आपल्याकडे ईएन ४५ हे सिलिकॉनयुक्त पोलाद बरेच वापरले गेले आहे. त्यात कार्बन ०.५ ते ०.६ टक्के आणि सिलिकॉन दीड ते दोन टक्के असतो. सिलिकॉन सिमेंटाइटमध्ये विरघळत नाही आणि म्हणून त्याची वाढ लांबवतो. त्यामुळे ठिसूळपणाचा पट्टा वरच्या तापमानाकडे सरकतो. दीड टक्क्याहून जास्त सिलिकॉन असलेली काही अतिमजबूत पोलादे मुद्दाम ३०० अंशांच्या आसपास टेम्पर केली जातात, ती याच कारणाने. त्यामुळे पाट्याच्या कोयत्याला निळा रंग मानवतो आणि कानशीच्या सुरीला तो मानवत नाही. लोहाराने पोलाद आणि रंग यांची जोडी अनुभवाने बरोबर लावली होती. आपण त्यातला रंग तेवढा उचलून दुसऱ्या पोलादाला लावतो तेव्हा घोटाळा होतो.

त्यात ऐरण यांच्या मुद्द्यालाही पुष्टी मिळते. पाट्यात कार्बनच कमी आहे, म्हणून मार्टेन्साइट मुख्यतः पट्ट्यांचा होतो, तबकड्यांचा होत नाही. चिवटपणा तिथेच पदरात पडला.

एक सावधगिरी : सिलिकॉनमुळे रूपांतराचे तापमानही वर जाते. ईएन ४५ ला ८६० अंशांच्या पुढे न्यावे लागते, त्यामुळे चुंबक सुटले की लगेच विझवणाऱ्याचे पाते अर्धवट पाणी घेते. सगळेच पाटे ईएन ४५ चे नसतात. क्रोमियम-व्हॅनेडियमचे ईएन ४७ आणि क्रोमियम-मँगनीजचे पाटेही बाजारात सर्रास असतात. म्हणून भंगारातल्या प्रत्येक पाट्याचा तुकडा आधी विझवून मोडून पाहावा. शिवाय वापरलेल्या पाट्यात लाखो हिसक्यांनी पडलेल्या बारीक भेगा असू शकतात, आणि त्या पात्यात जशाच्या तशा उतरतात. नवा, न वापरलेला पाटा मिळत असेल तर तोच घ्यावा.

कानसवाला

मी ओटीजीबद्दल लिहितो, कारण नवी_सुरी यांच्या प्रश्नाचा तो भाग मागे राहिला आहे.

घरगुती ओव्हनचा काटा २०० दाखवतो तेव्हा आतले तापमान १८० ते २३० यांमध्ये वरखाली होत असते, कारण तो सारखा चालू-बंद होत असतो. शिवाय लाल झालेल्या कांबीची उष्णता समोर येईल त्यावर थेट पडते. पात्याचे टोक पातळ असते, ते सर्वांत आधी तापते, आणि हवा २०० अंश असताना टोक निळे झालेले दिसते. उपाय सोपा आहे. स्टीलच्या खोल ताटात कोरडी, चाळलेली रेती घ्यावी, पाते तिच्यात पुरावे, आणि थर्मोकपलचे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचे, टोक पात्याला लागून ठेवावे. के प्रकारचे थर्मोकपल आणि ते वाचणारा मल्टिमीटर लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. रेती तापायला वेळ लागतो, पण एकदा तापली की ओव्हनचे हेलकावे पात्यापर्यंत पोहोचत नाहीत. पात्याजवळचा आकडा स्थिर झाल्यावर वेळ मोजायला सुरुवात करावी, ओव्हन सुरू केल्यापासून नव्हे.

दोन तास ठेवावे, बाहेर काढून पूर्ण थंड होऊ द्यावे, आणि पुन्हा दोन तास. ही दुसरी फेरी अनेकजण टाळतात. पहिल्या फेरीनंतर थंड होताना, शिल्लक राहिलेल्या ऑस्टेनाइटपैकी काही भाग नव्याने मार्टेन्साइट होऊ शकतो, आणि तो ताजा, न टेम्पर झालेला, ठिसूळ असतो. दुसरी फेरी त्याच्यासाठी आहे. १०८४ सारख्या पोलादाला २०० ते २०५ अंशांवर साधारण ६० ते ६१ एचआरसी आणि २३० च्या आसपास ५८ च्या जवळ कठीणपणा मिळतो. स्वयंपाकघरातल्या, सर्व प्रकारच्या हातांनी वापरल्या जाणाऱ्या सुरीला मी २२० च्या आसपासचे तापमान सुचवेन. ओव्हनमध्ये तेल लागलेले पाते घालू नये. धूर होतो आणि त्यानंतर त्याच ओव्हनमध्ये अन्न करावेसे वाटत नाही. शक्य असल्यास या कामासाठी जुना ओव्हन वेगळा ठेवावा.

भांडुपकर

ज्यांच्याकडे भट्टी नाही त्यांनी बाहेरून हीट ट्रीटमेंट करून घ्यावी की नाही, असा प्रश्न बहुतेकांच्या मनात असेल. भांडुप, वागळे इस्टेट, वसई या पट्ट्यात जॉबवर्क करणारे कारखाने आहेत. एक-दोन पाती घेऊन गेलात तर ते त्यांच्या चालू असलेल्या लॉटमध्ये टाकतात, आणि अडचण तिथेच असते. तो लॉट डायचा किंवा पंचचा असेल तर तापमान आणि वेळ जाड भागांसाठी ठरवलेला असतो, आणि तीन मिलिमीटरचे पाते त्यात गरजेपेक्षा जास्त तापते.

म्हणून नुसते "६० एचआरसी करून द्या" असे सांगू नये. पोलादाचा प्रकार, पात्याची जाडी, किती अंशांवर किती वेळ तापवायचे, कशात विझवायचे आणि कोणत्या तापमानाला किती वेळा टेम्पर करायचे, हे सगळे कागदावर लिहून द्यावे. सोबत त्याच पट्टीचा मोडून पाहण्यासाठी एक तुकडा द्यावा, आणि तो टेम्परिंगच्या आधी वेगळा काढून ठेवायला सांगावा.

आपल्याकडे सहज मिळणारी दोन पोलादे म्हणजे ईएन ३१ आणि डी २. ईएन ३१ बेअरिंगचे पोलाद आहे, त्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि १ ते १.६ टक्के क्रोमियम असते. नीट हाताळले तर ते सुरीसाठी उत्कृष्ट आहे. डी २ ला हजार अंशांच्या पुढचे तापमान लागते, ते घरच्या भट्टीत करण्याचा आग्रह धरू नये. आणि त्यात दीड टक्का कार्बन व बारा टक्के क्रोमियम असल्यामुळे मोठमोठे कार्बाइड मुळातच असतात. धार खूप टिकते, पण चिवटपणाची अपेक्षा डी २ कडून ठेवू नये. कोणतीही हीट ट्रीटमेंट ते मोठे कार्बाइड लहान करत नाही.

ऐरण

भांडुपकर, कागदावर लिहून देण्याचा सल्ला मोलाचा आहे. ईएन ३१ बद्दल एक भर घालतो. बाजारातून आलेली पट्टी बहुधा मऊ केलेल्या स्थितीत असते, कार्बाइड बारीक गोळ्यांच्या रूपात पसरलेले असतात, आणि ती स्थिती सुरीला योग्य असते. ती पट्टी घासूनच पाते करावे. ठोकून घडवली आणि हळूहळू थंड होऊ दिली, तर जास्तीचा कार्बन दाण्यांच्या कडांवर जाळे करून बसतो आणि पाते त्या जाळ्यावरून मोडते. ते जाळे मोडायला ९०० अंशांच्या आसपास तापवून हवेत थंड करावे लागते, मग दाणा बारीक करण्याच्या खालच्या फेऱ्या. विझवण्यासाठी ८१५ ते ८४५ अंश आणि दहा-पंधरा मिनिटांचा स्थिर मुक्काम लागतो, जो डोळ्यांच्या अंदाजाने साधत नाही. त्यामुळे नवख्याने १०७५, १०८० किंवा १०८४ यांसारखे साधे पोलाद घ्यावे. कानस किंवा भंगार स्वस्त पडते, पण प्रत्येक तुकडा नवा निघतो आणि शिकणे अडते.

आता तेलाविषयी. १०८४ ला साधारण ५५० अंशांच्या टप्प्यातून जेमतेम सेकंदात खाली यावे लागते, नाहीतर मार्टेन्साइटऐवजी नरम पर्लाइट होतो. पाणी हे सहज साधते, पण पातळ पात्याला तडे जातात. शेंगतेल किंवा राइस ब्रान तेल ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून वापरावे. कोमट तेल पातळ असते, पात्याभोवतीचा वाफेचा थर लवकर मोडते आणि गार तेलापेक्षा चांगले थंड करते. गाडीचे जुने इंजिन ऑइल वापरू नये. त्याचा धूर विषारी असतो, त्यात धातूंचे कण असतात, आणि त्याचा थंड करण्याचा वेग कोणालाच ठाऊक नसतो.

तेलाचे भांडे लोखंडी, उंच आणि घट्ट झाकणाचे असावे. पाते टोकाकडून सरळ खाली, न थांबता पूर्ण बुडवावे, कारण अर्धवट बुडालेल्या पात्याच्या वर तेल पेटते. आडवे हलवू नये, वाकते. पुढे-मागे, कापल्यासारखे हलवावे. तेलात पाण्याचा थेंबही नसावा, शेजारी कोरड्या रेतीची बादली असावी, आणि पेटलेल्या तेलावर पाणी कधीही टाकू नये. पाते तेलातून काढल्यावर ते २०० अंशांच्या वर असेपर्यंत त्याचा बराच भाग अजून ऑस्टेनाइट असतो. त्या काही सेकंदांत जाड हातमोजे घालून दोन सपाट लोखंडी पट्ट्यांमध्ये दाबल्यास बाक सरळ होतो. ती वेळ टळली की जबरदस्ती करू नये. टेम्परिंगच्या वेळी पट्टीला क्लॅम्प करून बाक काढावा.

धारेची जाडी विझवताना एक ते दीड मिलिमीटर ठेवावी. पृष्ठभागावरचा कार्बन जळून झालेला नरम थर नंतर घासून काढता येतो. विझवल्यावर कानस घासून पाहताना ती लागली तर निराश होऊ नये. हा थर काढून पुन्हा पाहावे.

नवी_सुरी

कानशीचे दात मी पूर्ण काढले नव्हते; पाठीकडे नक्षी म्हणून ठेवले होते आणि धारेच्या वरही काही खाचा होत्या, त्या आज भिंगातून दिसल्या. उरलेल्या तुकड्याची पट्टी विझवून मोडली. मोडलेल्या कडेवर ठळक चमकणारे ठिपके आहेत, बोटाला जाडी साखर लागते तसे लागते. म्हणजे दोन्ही कारणे लागू आहेत. ही सुरी नॉर्मलायझिंगच्या फेऱ्यांसाठी वसईला घेऊन जाते आणि पुढचे पाते १०८४ च्या पट्टीचे करते.

शेवटची शंका : विझवल्यावर पाते घरच्या फ्रीजरमध्ये ठेवल्याने चिवटपणा वाढतो, असे सांगणारे बरेच व्हिडिओ आहेत. ते करावे का?

धातुवेडी

ताई, पोलाद गार करण्याने शिल्लक ऑस्टेनाइट कमी होते, म्हणजे कठीणपणा थोडा वाढतो. चिवटपणा त्याने वाढत नाही. झाला तर किंचित कमीच होतो. कोरडा बर्फ उणे ७८ अंशांपर्यंत जातो, द्रव नायट्रोजन त्याच्या कितीतरी खाली. घरचा फ्रीजर उणे १८ ला थांबतो. जास्त मिश्रधातू असलेल्या पोलादांना या उपचाराचा उपयोग होतो. आपल्या १०८४ साठी त्याची गरज नाही.

मुंबईत मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. मे महिन्यात शेडमधली हवा ३५ अंशांच्या वर असते आणि तेल आधीच कोमट केलेले असते. पाते तेलातून काढून तसेच ओव्हनमध्ये टाकले तर ते पुरते थंड झालेलेच नसते आणि रूपांतर अर्धवट राहते. हाताला कोमट लागेपर्यंत हवेत ठेवावे, मग नळाच्या पाण्याखाली धरून पूर्ण गार करावे, पुसावे, आणि तासाभरात टेम्परिंगला लावावे. ते रात्रभर तसेच ठेवू नये, कारण न टेम्पर केलेल्या पात्याला टेबलावर पडल्या पडल्याही तडा जाऊ शकतो. वसईहून दादरला येईपर्यंत तास उलटणार असेल, तर ओव्हन शेडमध्येच न्यावा आणि निदान पहिली फेरी तिथेच पूर्ण करावी.